व्हेनिसला रात्रीचा मुक्काम कराच

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. खाडीपलीकडच्या मेस्त्रेमधल्या हॉटेलातून सकाळी बस निघते, मग बोटीने सान मार्को चौक, फोटो, काचकामाचं प्रात्यक्षिक, गोंडोलाची चक्कर आणि दिवेलागणीच्या आत परत. आमच्या नात्यातली निम्मी मंडळी असं व्हेनिस बघून आली आणि "गर्दी फार, महागाई फार" एवढंच सांगत राहिली. आम्ही ऑक्टोबर संपता संपता गेलो आणि बेटावरच राहिलो. मी, नवरा आणि सासूबाई. आता कुणी विचारलं की माझं एकच सांगणं असतं : हवं तर दुसरं एखादं शहर गाळा, पण व्हेनिसमध्ये रात्री राहा.

पहिला दिवस : सोमवार

मिलानहून ट्रेनने साधारण अडीच तास लागतात. शेवटची काही मिनिटं गाडी थेट खाडीवरून धावते. हा रेल्वेपूल १८४६ सालचा. त्याआधी व्हेनिसला यायचं तर होडीनेच यावं लागे. शेजारचा मोटारींचा पूल तर १९३३ साली झाला, आणि मोटारी अजूनही त्या पुलाच्या टोकाला पियात्साले रोमापाशीच थांबतात. पुढे शहरात एकही चाक फिरत नाही. सायकलसुद्धा नाही.

सान्ता लुचिया स्टेशनच्या बाहेर आलो आणि आई पायरीवरच थांबल्या. समोर ग्रँड कॅनॉल. पलीकडे एका चर्चचा हिरवा घुमट, आणि मधून भाजीच्या क्रेटांची बोट, कुरिअरची बोट, मागोमाग अँब्युलन्स, तीही बोटच. "म्हणजे इथे सगळंच पाण्यातून?" असं म्हणून त्या बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. आम्हीही घाई केली नाही.

इथली सार्वजनिक बस म्हणजे व्हापोरेत्तो. एकेरी तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं. आम्ही ७२ तासांचा ४५ युरोचा पास घेतला. सोबत वयस्कर माणूस असेल तर पासच घ्या, कारण शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. दोन थांब्यांचं अंतरसुद्धा बोटीने गेलात तर गुडघ्यांचे चार-पाच चढउतार वाचतात. प्रत्येक वेळी चढताना धक्क्यावरच्या मशीनला पास लावायचा, विसरायचं नाही. आणि सामान कमीत कमी. मोठी बॅग पुलांवरून उचलत नेणारे घामाघूम प्रवासी आम्ही रोज बघत होतो.

आमची खोली कान्नारेजो भागात, का दोरो थांब्यापासून दोन गल्ल्या आत होती. बॅगा टाकल्या आणि लगेच एक नंबरच्या बोटीत बसलो. ही बोट ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक धक्क्यावर थांबत, रमतगमत जाते. पुढच्या उघड्या भागात जागा मिळाली तर सोडू नका, शहराची याहून चांगली ओळख कुठल्याही गाइडकडून होणार नाही. दोन्ही काठांना वाडे, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, वर टोकदार कमानींच्या खिडक्या. पाण्याकडे उघडतो तो दिंडी दरवाजा, मागच्या गल्लीत उघडतं ते परसदार. शहर आपल्याला पुढच्या दाराने भेटावं असं वाटत असेल तर ते पाण्यावरूनच बघायला हवं.

ऑक्टोबरअखेर पाच वाजताच सूर्य मावळतो. सान मार्को चौकात पोचलो तेव्हा छत्र्या-झेंडे घेतलेले टूरवाले परत निघाले होते. तासाभरात चौक इतका मोकळा झाला, की कमानींखाली चालणाऱ्यांच्या बुटांचा आवाज येऊ लागला. इथल्या कॅफेंमध्ये वाद्यवृंद असतात. एकाचं वाजवून झालं की समोरचा सुरू करतो. त्यातला फ्लोरियान कॅफे १७२० पासून चालू आहे. खुर्चीत बसलं की संगीताचे वेगळे पैसे बिलात लागतात. उभ्याने ऐकणं फुकट, आणि आम्ही ते मनसोक्त ऐकलं. चौकातल्या पायऱ्यांवर मात्र बसू नका, डबाही उघडू नका आणि कबुतरांना दाणे टाकू नका. तिन्हींना दंड आहे.

आई सोमवार आणि गुरुवार पाळतात. व्हेनिस मासळीचं गाव असलं तरी शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. टोमॅटोचा साधा पास्ता, भाज्यांचा पिझ्झा, भाजलेली वांगी-ढोबळी मिरची सगळीकडे मिळते. फक्त रिसोत्तो मागवताना विचारून घ्या, कारण भात पुष्कळदा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवतात. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" एवढे चार शब्द पाठ असले की काम होतं.

दुसरा दिवस : मंगळवार

रिआल्तोचा मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो, म्हणून मंगळवारची आम्ही वाटच बघत होतो. आमच्या धक्क्याजवळून, सान्ता सोफियाहून, समोरच्या काठाला तरीची होडी सुटते. तिला त्रागेत्तो म्हणतात. दिसायला गोंडोलाच, पण पुढे-मागे दोन वल्हेकरी आणि पाहुण्यांना भाडं दोन युरो. गावातले लोक उभ्यानेच जातात. एका आजीबाईंच्या हातात चाकांची पिशवी होती, त्यांनी आईंना हाताला धरून फळीवर बसवलं आणि आपण मात्र उभ्या राहिल्या. पलीकडे उतरलं की थेट बाजारच.

नवरा मूळचा वेंगुर्ल्याचा. बाजारात शिरला आणि दिसेनासा झाला. काही वेळाने सापडला तो एका कोळ्याशी खुणांनी गप्पा मारताना. बर्फावर बांगडे, तिसऱ्या, कोळंबी, शाईने काळ्याभोर झालेल्या माकुळ्या आणि सापासारखे वळवळणारे जिवंत वाम. कोळ्याने एक बांगडा उचलून कल्ला उघडून दाखवला, आतला लाल रंग. याने मान डोलावली आणि दुसरा उचलून तसाच कल्ला उघडला. दोघंही खूश. विकत काहीच घ्यायचं नव्हतं, तरी त्या माणसाने लिंबाची फोड आणि एक उकडलेली कोळंबी त्याच्या हातावर ठेवली. भाजीच्या बाजूला आर्टिचोकचे साफ केलेले गोल बुंधे पाण्याच्या बादलीत तरंगत होते. शेजारच्या खाडीतलं सान्तेरास्मो बेट या शहराचा भाजीमळा आहे, गाडीवरच्या पाट्यांवर त्याचं नाव शोधा.

दुपारचं जेवण उभ्याने. व्हेनिसमध्ये बाकारो नावाची छोटी मद्यालयं असतात. तिथे काचेच्या पेटीत चिकेत्ती मांडलेले असतात, म्हणजे पावाच्या चकतीवर कसलं तरी टॉपिंग, घासभर. दीड-दोन युरोपासून सुरुवात. सोबत छोटा ग्लास वाइन, तिला इथे ओम्ब्रा म्हणतात. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत असे बाकारो रांगेने आहेत. एकाकडे दोन खायचे, पुढच्याकडे जायचं. आई दुकानदाराला बोटाने दाखवत होत्या आणि तो प्रत्येक वेळी मोठ्याने नाव सांगत होता.

त्यांना सगळ्यात आवडला बाकाला मान्तेकातो. वाळवलेला कॉड मासा भिजवून, उकडून, तेल घालत इतका घोटायचा की पांढऱ्या लोण्यासारखा होतो. हा मासा इथला नाहीच. १४३१-३२ च्या हिवाळ्यात पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात भरकटलं आणि उरलेसुरले खलाशी नॉर्वेच्या र्‍योस्त बेटाला लागले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना वाचवलं, आणि परत येताना क्वेरिनीने तो सुका मासा आणला. कोकणात सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या घरातल्या आमच्या आईंना ही गोष्ट लगेच पटली. सार्दे इन साओरही चुकवू नका. तळलेले तारले कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोज्यांसारख्या बियांमध्ये मुरवलेले. समुद्रावरच्या खलाशांसाठी टिकाऊ म्हणून केलेला पदार्थ, दुसऱ्या दिवशी जास्त लागतो.

पोट भरल्यावर फ्रारी चर्च. मुख्य वेदीवर टिशियनचं मरियेच्या स्वर्गारोहणाचं चित्र आहे, १५१८ साली पूर्ण झालेलं. दारातून आत आल्याबरोबर त्या लाल वस्त्राकडे नजर जाते आणि तिथून हलत नाही. शेजारच्या स्कुओला ग्रांदे दी सान रोक्कोमध्ये भिंती आणि छत दोन्हीवर टिंटोरेटो या चित्रकाराची चित्रं. छत बघताना मान मोडू नये म्हणून तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. आई आरसा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत. सान मार्कोइतकी गर्दी इथे नसते. माझ्या मते व्हेनिसमध्ये चित्रांसाठी एकच तिकीट काढायचं असेल तर ते इथलं काढा.

रात्री मुद्दाम नकाशा न बघता फिरलो. गल्लीच्या तोंडाला "पेर रिआल्तो", "पेर सान मार्को" अशा पिवळ्या पाट्या असतात, त्यामुळे खरोखर हरवायला होत नाही. बोळ संपतो, अचानक पाणी लागतं, परत फिरायचं. एका पुलावर आम्ही दोघं बराच वेळ टेकून उभे होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं आणि रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री चालू होती. या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत, आता पन्नास हजारांहून कमी उरले आहेत. घरं पाहुण्यांसाठी भाड्याने गेली. म्हणून राहायचं तर घरमालक स्वतः राहतो अशी खोली किंवा छोटं हॉटेल बघा, आणि किराणा, फळं कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या. राहणाऱ्यांसाठीची दुकानं टिकायला हवीत.

तिसरा दिवस : बुधवार

हा दिवस सान मार्कोचा. बॅसिलिकाची, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चची, वेळ आधीच ऑनलाइन घेतलेली होती. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात. आत सोनेरी मोझाइकचे घुमट आणि पायाखाली शतकानुशतकं खचत आलेली, लाटांसारखी वरखाली झालेली संगमरवरी फरशी. वरच्या मजल्यावर जायचं तिकीट वेगळं आहे, ते घ्याच. ब्राँझचे चार घोडे तिथे आहेत. १२०४ साली व्हेनिसने कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून ते आणले, १७९७ साली नेपोलियनने पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. बाहेर सज्जात आहेत त्या प्रतिकृती, मूळचे आत. शेजारचा उंच मनोरा १९०२ साली सकाळच्या वेळी कोसळला, जीवितहानी झाली नाही, आणि १९१२ पर्यंत होता तसाच, होता तिथेच पुन्हा उभा केला.

डोज म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. त्याच्या महालात दीडेक तास तरी हवा. मोठ्या सभागृहात एक भिंतभर टिंटोरेटोचा स्वर्ग आहे, सुमारे २२ मीटर रुंद. पण मला खिळवून ठेवलं ते वरच्या पट्टीने. तिथे ओळीने डोजांची चित्रं आहेत आणि एका जागी नुसता काळा पडदा रंगवलाय. मारिन फालिएर. सत्ता एकहाती घ्यायचा कट केला म्हणून १३५५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, आणि चेहऱ्याच्या जागी पडदा आला. पुढे उसाश्यांच्या पुलाच्या आतून जाता येतं. बाहेरून जोडपी ज्याच्यासमोर फोटो काढतात, त्याच्या दगडी जाळीतून कैदी शेवटचं पाणी बघत असत, असं म्हणतात.

महालाच्या तिकिटातच चौकाच्या दुसऱ्या टोकाचं कोर्रेर संग्रहालय येतं. बरेच लोक थकून ते सोडतात. सोडू नका. आमच्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडली. व्हेनिसच्या नाण्यांच्या पेटीपाशी आई वाकून बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर पुतळी!"

पेटीत दुकात नावाचं सोन्याचं नाणं होतं. एका बाजूला डोज गुडघे टेकून संत मार्कच्या हातून ध्वज घेतोय, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांच्या मध्ये येशू. आमच्या घरात आईंच्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे. लग्नकार्याला लॉकरमधून बाहेर येते. त्या गोल चकतीवरच्या दोन उभट आकृत्या आईंनी आयुष्यभर हाताळल्या, पण ते कोण आहेत हे कधी ठाऊक नव्हतं. व्हेनिसने हे नाणं १२८४ साली सुरू केलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, आणि प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपेपर्यंत त्याचं वजन-कस राखला. मिऱ्यांच्या आणि कापडाच्या व्यापारात ते इजिप्त, तांबडा समुद्र करत आपल्या किनाऱ्याला आलं. त्याच्यावर विश्वास बसला तो इतका, की पुढे आपल्याकडे सोनारांनी त्याच छापाच्या पुतळ्या घडवल्या. नकलेची नक्कल होत चेहरे पुसट झाले, डोजचा गुडघा दिसेना. आईंनी काचेवर बोट ठेवून मला तो गुडघा दाखवला. मग नवऱ्याला बोलावून त्यालाही दाखवला.

ही नाणी पाडायची ती टांकसाळ चौकालगतच, पाण्याकडे तोंड करून उभी आहे. आता तिथे मार्चाना ग्रंथालयाची वाचनाची दालनं आहेत. याच ग्रंथालयात निकोलाओ मनुचीची हस्तलिखितं जपलेली आहेत. व्हेनिसमध्ये जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून हिंदुस्थानात आला आणि १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत तोफखान्यावर होता. तिथे त्याची शिवाजी महाराजांशी भेट आणि बोलणं झाल्याचं त्याने लिहून ठेवलंय. ग्रंथालयाची जुनी चित्रमय दालनं त्याच तिकिटात बघता येतात.

संध्याकाळी गोंडोला. दर शहराने ठरवून दिलाय : दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. हा दर होडीचा आहे, माणशी नाही, आणि पाच जण बसू शकतात. सान मार्कोजवळच्या गर्दीत होड्या एकामागोमाग अडकतात. आतल्या एखाद्या शांत कालव्यावरून घ्या. आईंनी चौकातल्या बाकावर बसून कढत, दाट चॉकलेट घेणं पसंत केलं, "तुम्ही दोघंच जा." आमचा गोंडोलिअर मोजकं बोलणारा होता, पण होडीबद्दल विचारलं की खुलायचा. गोंडोला सरळ नसतेच. डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद असते, कारण वल्हं फक्त उजवीकडे असतं आणि मागे उभ्या माणसाचं वजन त्या वाकडेपणाने तोललं जातं. वल्हं अडकवायचा लाकडी आधार, फोर्कोला, अक्रोडाच्या एका ओंडक्यातून कोरतात. त्याच्या वेगवेगळ्या खोबणींत वल्हं ठेवून पुढे, मागे, आडवं जाता येतं. अंधाऱ्या वळणाआधी तो "ओए" अशी हाळी द्यायचा आणि पलीकडून कुणी नाही ना याची खात्री झाली की भिंतीला पाय लावून होडी वळवायचा. पाणी काळं, भिंतींवर दिव्यांची थरथर. ९० युरो पुरेपूर वसूल झाले.

चौथा दिवस : गुरुवार

सकाळी खिडकी उघडली तर समोरची भिंतच नाहीशी. दाट धुकं. फोंदामेन्ते नोव्हेहून १२ नंबरच्या बोटीने बुरानोला निघालो. पाऊण तासाच्या वाटेवर पाणी आणि आभाळ यांतली रेघ दिसेना. मधूनच खाडीत रोवलेल्या ओंडक्यांच्या खुणा जवळ येत आणि जात. आणि मग एकदम बुरानो : शेंदरी, निळी, पोपटी, जांभळी घरं, कपडे वाळत टाकलेले. धुक्यात हे रंग उन्हापेक्षा गडद दिसतात. फोटोसाठी ऊन हवं असा हट्ट असेल तर सोडून द्या.

बुरानो सुईच्या लेससाठी प्रसिद्ध. दुकानांतली बरीचशी लेस इथली नसते, हाताचीही नसते. हाताचा छोटासा तुकडाही खूप महाग असतो आणि असायलाच हवा. लेस संग्रहालयात कारागीर बायका काम करत बसतात, तिथे जा. एक ऐंशीच्या पुढच्या आजी मांडीवर गोल उशी घेऊन बसल्या होत्या. उशीवर कापड, कापडावर नक्षी आखलेला कागद, कागदावर टाचलेला दोरा आणि त्या दोऱ्याच्या आधाराने नुसत्या सुईने हवेत विणलेली जाळी. काम पुरं झालं की खालचे टाके कापायचे, मग जाळी मोकळी होते. आईंनी आयुष्यभर क्रोशाचे रुमाल विणलेत. त्यांनी पर्समधून मोबाइलच्या पिशवीची स्वतः विणलेली कड काढून दाखवली. त्या आजींनी चष्मा सरकवला, कड उलटी केली, पाठीमागचे टाके बघितले आणि आईंचा हात धरून "ब्रावा" म्हणाल्या. पाठची बाजू बघणारी बाई म्हणजे खरी विणणारी, असं आई बोटीत परतताना दोनदा म्हणाल्या.

तोर्चेल्लो बुरानोहून पाच-दहा मिनिटांवर. व्हेनिसच्याही आधी इथे वस्ती होती. कॅथेड्रल ६३९ साली स्थापन झालेलं, आत पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं प्रचंड मोझाइक आहे. आता बेटावर मोजकी माणसं राहतात. बोटीच्या परतीच्या वेळा धक्क्यावरच बघून ठेवा, आणि मुरानोच्या काचेसाठी याच दिवसात वेळ कोंबू नका. काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये आगीच्या भीतीने मुरानोला हलवल्या, तिथे स्वतंत्र अर्धा दिवस द्या.

पाचवा दिवस : शुक्रवार

निघायच्या आधी सान जॉर्जो माज्जोरे. सान मार्कोसमोरच्या बेटावरचं वास्तुकार पल्लादिओचं चर्च, त्याच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि रांग किरकोळ. समोरच्या प्रसिद्ध मनोऱ्यावरून तो मनोरा सोडून सगळं दिसतं, इथून त्याच्यासकट सगळं. धुकं फिटलं होतं. खाली भरतीचं पाणी चढत होतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेच पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. २०२० पासून खाडीच्या तोंडाशी मोझे नावाच्या पूर अडवणाऱ्या यंत्रणेचे पोलादी दरवाजे उभे राहतात, त्यामुळे मोठे पूर अडतात. तरी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाणार असाल तर भरतीचा अंदाज रोज बघा.

वसंत आणि उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२४ पासून ठरावीक तारखांना दिवसापुरत्या येणाऱ्यांना शहरात शिरायचं शुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते लागत नाही, पण ऑनलाइन सूट नोंदवून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो.

आणि तारखा जमवता येत असतील तर २१ नोव्हेंबर साधा. १६३० च्या प्लेगनंतर नवसाने बांधलेल्या सान्ता मारिया देल्ला सालूतेचा तो दिवस. ग्रँड कॅनॉलवर तेवढ्यापुरता तरता पूल घालतात आणि गाव त्यावरून चालत मेणबत्ती लावायला जातं. आमच्या घरमालकीणबाईंनी निघताना तारीख कागदावर लिहून दिली आणि आईंना बजावलं, की त्या दिवशी मटण-कोबीचं सूप प्यायला यायचं. आई वार बघायला लागल्या आहेत.